मन इर कौन्स

इंग्लिशमध्ये लाज वाटली हे सांगायला काहीच वाटत नाही. बघा ना, "ओ माय गॉड, आय वॉज सो एम्बॅरॅस्ड" हे वाक्य माणूस हातात कॉफीचा कप धरून, चारचौघांत, हसत हसत म्हणतो, ऐकणारेही हसतात आणि मग दुसरा कोणीतरी स्वतःचा किस्सा काढतो. "आय वॉज मॉर्टिफाइड" म्हणजे शब्दशः मेलेच, "आय कुड हॅव डाइड" म्हणजे मरायचीच काय ती बाकी होते, आणि हे सगळं कशावरून, तर मीटिंगमध्ये म्यूट करायचं राहिलं आणि कुकरची शिट्टी सगळ्यांनी ऐकली म्हणून.

आपल्याकडची पोरंही हल्ली सर्रास "इतकं एम्बॅरॅसिंग झालं ना यार" म्हणतात आणि त्यावर नाकं मुरडणारे मुरडतात, पण मला वाटतं पोरांनी तो शब्द बरोबर जागी उचललाय. "मला लाज वाटली" असं म्हणून बघा, समोरचा लगेच गंभीर होतो, काय केलंस बाई असं तरी विचारतो किंवा विचारत नाही आणि मनात भलतंच काहीतरी धरून बसतो. हलक्या फजितीला आपल्याकडे पोपट झाला आहे, पचका झाला आहे, पण पोपटात फक्त गंमत येते, आत जे कसंनुसं होतं ते त्यात येत नाही. मग त्या कसंनुशाला नाव काय द्यायचं, तर एम्बॅरॅसिंग.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे मी लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगामध्ये राहते. नोकरी आयटीतली, ऑफिसची भाषा इंग्लिश, आणि संध्याकाळी लॅटव्हियनचा क्लास. लॅटव्हियनमध्ये लाजेला कौन्स म्हणतात आणि "मला" या शब्दाला म्हणतात "मन". त्यामुळे "मन इर कौन्स" म्हणजे मला लाज आहे, मला लाज वाटते. मराठी माणसाला हे व्याकरण इतकं घरचं वाटतं की क्लासमध्ये जरा शायनिंग मारता येते. मन पतीक म्हणजे मला आवडतं, मन साप गल्वा म्हणजे मला डोकं दुखतंय, आणि भीतीला ते बइल म्हणतात त्यामुळे "मन इर बइल" ऐकलं की मला अजूनही हसू आवरत नाही. "वै तेउ नाउ कौना?" हे तर आपलं "तुला लाज नाही का?" जसंच्या तसं, आणि ट्रॅममध्ये एखादी आजी सीटवर बुटांसकट पाय ठेवणाऱ्या पोराला ते ज्या सुरात म्हणते तो सूरसुद्धा तोच.

आमच्या क्लासमध्ये एक रिटायर झालेले इंग्रज गृहस्थ होते, बायको इथली म्हणून भाषा शिकायला आलेले. ते दर वेळी "एस एस्मु कौन्स" म्हणायचे. आय अ‍ॅम अशेम्ड या हिशोबाने बरोबरच, पण लॅटव्हियनमध्ये त्याचा अर्थ होतो "मीच लाज आहे", म्हणजे मी म्हणजे घराण्याला लागलेला कलंक. बाई शांतपणे म्हणायच्या, नाही, तुम्ही नाही, ती तुम्हाला आहे. आजोबा मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात परत स्वतःलाच कलंक करून घ्यायचे.

आता इथे कोणीही लगेच तत्त्वज्ञान उभं करेल, की बघा, इंग्रज स्वतःच लाज होऊन बसतो आणि आपल्याकडे लाज बाहेरून येते नि निघून जाते, किती मोकळी संस्कृती वगैरे. मला ते अजिबात पटत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या "मला लाज वाटते" म्हणतोय, त्याने लाजेचं ओझं कुठे कमी झालं? उलट ज्याला व्याकरणात "मी लाज आहे" म्हणायला लागतं तो इंग्लिशवाला ती दोन मिनिटांत बोलून झटकून टाकतो, आणि ज्यांच्याकडे ती नुसती येऊन बसते त्या आपल्याकडे आणि लॅटव्हियन लोकांकडे ती बसते ती बसतेच. फरक विभक्तीत नाहीये, तोंडाने म्हणायची की गिळायची यात आहे.

कौन्स हा शब्द जड आहे. तो शाळेत सुरू होतो, "कौनिएस!" म्हणजे लाज वाटू दे, आणि पुढे मोठेपणी राजकारण्यांपर्यंत पोचतो. निर्लज्ज माणसाला बेसकौन्या म्हणतात, ऐकायला थेट आपल्या बेशरमसारखं. कोणाची जाहीर छी-थू झाली की त्याला "लाजेच्या खांबाला खिळ्यांनी ठोकला" असं म्हणतात, जुन्या काळी गुन्हेगाराला चौकात खांबाला बांधून उभं करायचे तो खांब. आणि शरीरशास्त्रात ओटीपोटाच्या खालच्या हाडाचं नाव सरळ लाजेवरून पडलंय, जर्मनमध्येही तसंच. यावर मला एकदम आपल्याकडचं "शेम शेम" आठवलं. मराठी घरात इंग्लिशमधला शेम हा शब्द पहिल्यांदा कोणाला भेटतो, तर आंघोळीनंतर नागडं पळणाऱ्या दीड वर्षाच्या पोराला! त्यानंतर मात्र तो शब्द आपण फारसा वापरतच नाही, मोठं झाल्यावर सगळी मदार एम्बॅरॅसिंगवर. आणि खुद्द इंग्रजांनी तर शेमची पार हवाच काढून घेतलीये, "व्हॉट अ शेम" म्हणजे अरेरे, येता नाही का आलं तुला, एवढंच. हेच कोणी लॅटव्हियनमध्ये शब्दाला शब्द ठेवून म्हटलं तर समोरचा म्हणेल, अहो मला ताप होता, यात लाजिरवाणं काय.

मग रोजच्या बारीकसारीक प्रसंगांना इथली माणसं काय म्हणतात? नेएर्ती. एर्ती म्हणजे सोयीचं, आरामशीर, आणि नेएर्ती म्हणजे जे तसं नाही ते. बूट चावत असेल तर बूट नेएर्ती, खुर्चीची पाठ टोचत असेल तर खुर्ची नेएर्ती, आणि दोन माणसांच्या भांडणात तुम्ही मधे सापडलात तर ते पण नेएर्ती. याच्या जवळ जाणारं आपल्याकडे आहे अवघडणं. बसून बसून पाय अवघडतो, आणि नको त्या वेळी नको त्या घरात गेलं की आपणच अवघडून जातो. आता यात एक मजा आहे. इंग्लिशचा एम्बॅरॅस फ्रेंचमधून आला, तिथे तो स्पॅनिशकडून आला, आणि मुळात त्याचा अर्थ अडवणं, अडथळा घालणं. सतराव्या शतकात इंग्लिशमध्येही तो अडचणीत आणणं, गोंधळात टाकणं अशाच अर्थाने वापरायचे, मनाचं अवघडलेपण त्यात नंतर शिरलं. आणि स्पॅनिशमध्ये त्याच धातूपासून झालेला एम्बाराझादा म्हणजे गरोदर बाई. क्लासमधला स्पॅनिश पोरगा हे सांगून सगळ्यांना हसवत होता, म्हणजे लॅटव्हियन शिकताना इंग्लिशमधून स्पॅनिश विनोद चाललेला, आणि मी मात्र हसायचं सोडून बसले कारण आपल्याकडे पण दिवस भरत आलेल्या बाईला अवघडलेली म्हणतात! स्पेन कुठे, मिरज कुठे, दोन्हीकडे पोटुशी बाई आणि संकोचलेला माणूस एकाच शब्दात कसे काय जाऊन बसले देव जाणे.

बरं, हे नेएर्ती प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. आमच्या टीममध्ये एक लॅटव्हियन मुलगा आहे, कामात वाघ, बोलण्यात शून्य. त्याने एकदा शनिवार-रविवार बसून अख्खी सिस्टिम नव्या सर्व्हरवर हलवली, एका मिनिटाचाही खोळंबा न होता. सोमवारच्या कॉलवर अमेरिकेतले मॅनेजर म्हणाले, एव्हरीबडी, लेट्स गिव्ह हिम अ बिग शाउट-आउट, आणि मग स्क्रीनभर टाळ्यांचे इमोजी उडायला लागले. मी त्याच्या शेजारी बसले होते. आधी त्याची शर्टच्या कॉलरवरची मान लाल झाली, मग तो लाल रंग हळूहळू वर चढत कानांपर्यंत गेला, कान तर अगदी भाजल्यासारखे, आणि त्याने लॅपटॉपचं झाकण हळूच निम्म्यापर्यंत खाली केलं, बंद नाही, निम्मंच, म्हणजे कॅमेऱ्यात फक्त टेबल दिसेल. म्हणाला, इट वॉज द टीम. टीम म्हणजे कोण, आम्ही तर सगळे समुद्रावर फिरत होतो. कॉल संपल्यावर माझ्याकडे बघून एवढंच पुटपुटला, "नेएर्ती".

खरी गंमत पुढे झाली. मॅनेजरांच्या लक्षात आलं की पोरगा अवघडलाय. ते मनाने चांगले, म्हणून त्यांनी लगेच ग्रुपवर मेसेज टाकला, सॉरी इफ आय एम्बॅरॅस्ड यू, यू डिझर्व्ह इट, पुढे चार हसरे चेहरे. ग्रुपवर! म्हणजे आत्तापर्यंत जे फक्त मला आणि त्याच्या कानांना माहीत होतं ते चाळीस जणांना कळलं, आणि वर प्रत्येकाने त्या मेसेजवर बदाम दिले. त्याचं उत्तर आलं, नो प्रॉब्लेम, आणि पुढे पूर्णविराम. मॅनेजरांच्या दृष्टीने विषय उघड बोलून मिटला. पोराच्या दृष्टीने तो बोलला गेला हाच मोठा प्रॉब्लेम. तो त्या दिवशी जेवायलासुद्धा सगळ्यांबरोबर आला नाही, खाली जाऊन एकटाच सूप पिऊन आला.

गोऱ्या कातडीचं हे एक वाईट असतं, लपत नाही काही. १८६७ मध्ये डार्विनने जगभरातल्या ओळखीपाळखीच्या लोकांना प्रश्नांची यादी पाठवली होती, त्यात एक प्रश्न असा होता की लाज वाटल्यावर माणूस लाल होतो का, आणि ती लाली अंगावर किती खालपर्यंत उतरते. नंतर १८७२ साली त्याने लिहिलं की माणसाच्या सगळ्या हावभावांत लाजून लाल होणं हे सर्वांत खास, सर्वांत माणसाचं. आपल्या भाषेने यावर छान तोडगा काढलाय, आपण लाल कमी होतो आणि गोरेमोरे जास्त होतो. तोंड काळं होतं ते पुन्हा वेगळं, त्याला मोठं काहीतरी करावं लागतं. लॅटव्हियनमध्ये मात्र कानांपर्यंत लाल होतात किंवा खेकड्याच्या भावकीतला तो गोड्या पाण्यातला झिंगा असतो त्याच्यासारखे लाल होतात, आणि इंग्लिशमध्ये बीटासारखे. जमिनीत गडप व्हावंसं मात्र तिन्ही भाषांत वाटतं. आपण धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं म्हणतो ते सीतेवरून, पण एक सांगू का, सीता लाजेपायी नव्हती गेली. तिला परत एकदा चारचौघांत स्वतःला सिद्ध करायला सांगितलं तेव्हा बास झालं म्हणून गेली ती. तिचं वाक्य आपण घेतलं आणि पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे सांडला की वापरतो.

लॅटव्हियन माणूस बुजरा असतो हे तेच लोक सांगतात, मी नाही. २०१८ च्या लंडन पुस्तक मेळ्यात लॅटव्हियासकट तिन्ही बाल्टिक देश पाहुणे होते, तेव्हा लॅटव्हियाच्या साहित्यवाल्यांनी जाहिरातच अशी केली की आम्ही इंट्रोव्हर्ट आहोत, कार्टून वगैरे काढून. स्वतःच्या बुजरेपणाची जाहिरात लंडनमध्ये जाऊन करायला धाडस लागतं, पण मला वाटतं ते धाडस इंग्लिशमध्येच होऊ शकलं.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग म्हणजे भाषा बदलायची सवय. दुकानात मी मोडक्यातोडक्या लॅटव्हियनमध्ये अर्धा किलो टोमॅटो मागते आणि समोरची मुलगी पटकन इंग्लिशवर येते. पहिल्यांदा मला अपमान वाटायचा. मग बाईंनी क्लासमध्ये समजावलं की तिला तुमचं अडखळणं बघवत नाही, तुम्हाला नेएर्ती होतंय असं वाटून तिलाच नेएर्ती होतं, म्हणून ती तुमची सुटका करते. पण याला इतिहास पण आहे. १९३५ मध्ये इथे तीन चतुर्थांश लोक लॅटव्हियन होते, सोव्हिएत काळात बाहेरून इतके लोक आणून वसवले की १९८९ च्या जनगणनेत लॅटव्हियन जेमतेम ५२ टक्के उरले आणि रीगा शहरात तर अल्पसंख्य झाले. दहा जणांच्या घोळक्यात एक रशियन बोलणारा असला की नऊ लॅटव्हियन रशियनवर यायचे, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. १९८९ च्या मे महिन्यात भाषेचा कायदा झाला, लॅटव्हियन ही राज्यभाषा झाली, पण सवय कायद्याने थोडीच जाते.

आता मला सांगा, हे वाचून तुम्हाला दादर स्टेशन आठवलं की नाही? दोन मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत बोलतात, टॅक्सीवाल्याचं आडनाव पाटील निघेपर्यंत. लॅटव्हियाची सगळी लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत-बाहेर, त्यांनी भिडेपोटी भाषा सोडली तर समजू शकते. आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होतो! भिडस्तपणाला आकड्यांशी काही घेणंदेणं नसतं एवढंच मला यातून कळलं, आणि "भीड भिकेची बहीण" हे आपणच म्हणून ठेवलंय ते वेगळंच.

कौन्सची खानदानी मात्र भारी आहे. व्हॉट्सअपवर फिरतं तसं बाल्टिक भाषा म्हणजे संस्कृतच वगैरे मी म्हणणार नाही, देवाला दिएव्स म्हणतात एवढ्यावर खूश व्हायला हरकत नाही, पण कौन्सचे नातेवाईक भलतीकडेच आहेत. जुन्या जर्मन भाषांमध्ये त्याचा भाऊ होता, तो फ्रँक लोकांबरोबर फ्रान्सात गेला आणि फ्रेंचमधली लाज, म्हणजे ओंत, त्यातून निघाली. आणि ओनी सुआ की माल इ पाँस हे जे वाक्य ब्रिटिश राजचिन्हावर आहे, ब्रिटिश पासपोर्टच्या कव्हरवर पण बघायला मिळतं, त्यातला ओनी पण त्याच घरातला. वाक्याचा अर्थ, जो यात वाईट बघेल त्याला लाज वाटो. दंतकथा अशी की चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्ड राजाच्या दरबारात नाच चालू असताना एका उमराव बाईच्या पायमोज्याचा पट्टा सुटून खाली पडला, लोक फिदीफिदी हसले, तर राजाने तो उचलून स्वतःच्या पायाला बांधला आणि हे वाक्य म्हणाला. इतिहासकार यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण गोष्ट म्हणून बघा, इंग्रजांच्या सगळ्यात मानाच्या सरदारकीचं ब्रीदवाक्य म्हणजे एका बाईचा पोपट झाला तेव्हा राजाने ती लाज उलटी हसणाऱ्यांच्या गळ्यात कशी मारली त्याची गोष्ट. उघड बोलून, सगळ्यांसमोर. आमच्या मॅनेजरांना हे जमायला हवं होतं, पण त्यांनी पट्टा उचलून परत सगळ्यांना दाखवला.

एवढे बुजरे लोक, मग यांची वाफ जाते कुठे? जूनमध्ये जाते. २३ जूनच्या रात्री इथे यानीचा सण असतो, शेकोट्या, ओकच्या पानांचे मुकुट, शहाजिरं घातलेलं चीज, बीअर, आणि सकाळपर्यंत गाणी. या गाण्यांत एक प्रकार आहे, नाव उच्चारताना दात दुखतात, आपद्झिएदाशनास, म्हणजे एकमेकांना गाण्यातून धुणं. दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि नावं घेऊन टिंगल करतात, चार ओळींचं कडवं, उत्तरादाखल दुसरं कडवं. ज्याने यानीच्या आधी शेतातलं तण खुरपलं नाही त्याची तर धडगत नसते. लग्नातही हे चालतं, नवरीकडचे नवऱ्याकडच्यांना आळशी, खादाड, मळके म्हणणार आणि ते परत सव्याज फेडणार, आणि शेवटी समेटाची गाणी म्हणून सगळे एका टेबलावर. आपल्याकडे रुखवतावर विहिणीची टर उडवणारी गाणी बायका म्हणायच्या ना, तोच मामला. माझी आजी, एरवी परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, ती म्हणे त्या गाण्यांत सगळ्यात पुढे असायची आणि काही कडवी आम्हा पोरींना बाहेर काढून म्हणायची.

क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असली लोकगीतं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून एका खास बनवलेल्या कपाटात लावून ठेवली, १८९४ ते १९१५ मध्ये छापली, सगळी मिळून सुमारे दोन लाख अठरा हजार. ते कपाट आता रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, युनेस्कोच्या यादीत पण आहे. आणि त्यानेसुद्धा चावट गाणी वेगळी काढून ठेवली. टाकून नाही दिली, नुसती वेगळी काढली. मला हा माणूस फार आवडतो.

आमच्या ऑफिसने यंदा शहराबाहेर एका शेतावर यानी केला आणि मॅनेजर पण अमेरिकेहून आलेले, डोक्यावर ओकचा मुकुट, भलतेच खूश. अंधार असा पडतच नाही त्या दिवसांत, साडेदहाला कुठे सूर्य मावळतो. दोन गट पडले, आणि तो आमचा लाल कानांचा पोरगा एकदम पुढे आला. खणखणीत आवाज. प्रत्येक ओळीनंतर सगळे लीगो, लीगो म्हणतायत आणि हा थेट मॅनेजरांकडे बोट दाखवून कडव्यावर कडवं म्हणतोय, लोक पोट धरून हसतायत, एक ताई तर गवतावर बसल्या हसून हसून. माझ्यावर पण एक झालं, जूनमध्ये दोन स्वेटर घालून फिरणाऱ्या बाईवर, तेवढं मला कळलं. मॅनेजरांना काहीच कळत नव्हतं पण ते सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. थांबल्यावर ते त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, दॅट वॉज अमेझिंग, माझ्याबद्दल काय म्हणालास ते सांग ना इंग्लिशमध्ये.

पोरगा मानेपासून लाल व्हायला लागला. नाही सांगता येणार, म्हणाला. इंग्लिशमध्ये नेएर्ती वाटतं.